सशांची बियांची पावडर: सहा महिने वापरली, झिप एकदाही नीट लागली नाही

जवस, मेथी आणि कलौंजीची ही पावडर फेब्रुवारीत मागवली. आमची चार पिल्लं तेव्हा पाच आठवड्यांची, नुकतीच आईच्या दुधावरून सुटलेली. पाव किलोचे 349 रुपये. आत काय आहे ते पाकिटावर छापलेलंच आहे, मी झिपबद्दल सांगतो.

उजवा कोपरा पहिल्या दिवसापासून उघडाच. दाबा, घासा, नखानं ओढा, काही नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जवसात जवळपास 40 टक्के तेल असतं. दाणा अख्खा असेतोवर ते सालीआड टिकतं, दळलं की त्याला हवा लागते. त्यात नागपूरचा मे, कूलरसमोरही घाम. दुसरं पाकीट दहा दिवसांत खवट झालं, जुन्या ऑइल पेंटच्या डब्यासारखा वास. सशांनी वाटी हुंगली अन् पाठ फिरवली. बरंच झालं, सशाला ओकता येत नाही. कंपनीला फोन केला तर, "नॅचरल आहे सर, वास येणारच."

त्याआधी मी चार स्टार देऊन बसलो होतो. दोन पिल्लांना पावडर द्यायचो, दोघांना नाही. खाणाऱ्यांची केसं खरंच तुकतुकीत झाली, हात फिरवला की कळायचं. मग मला चेव आला, चमचा दुप्पट केला. चार दिवसांत मागची बाजू बरबटली. पहाटेची मऊ लेंडी ससा एरवी थेट तोंडानं उचलून खातो, ती तशीच केसांना चिकटलेली. डॉक्टरांनी पावडर बंद करून आठवडाभर नुसतं गवत द्यायला लावलं. वजनाचं म्हणाल तर बाराव्या आठवड्यात किचनच्या काट्यावर दोन्ही जोड्यांत 40 ग्रॅमचा फरक. तेवढा तर पोटभर पाणी प्यायल्यानंही पडतो. सशानं खाल्लेलं तेल फारसं न बदलता त्याच्या चरबीत उतरतं, म्हणून जवसातलं ओमेगा-3 मांसात यावं यासाठी मांसासाठी पाळणारे जवस देतात. आमचे ससे काही रश्शात जाणार नाहीत.

तेव्हा एक स्टार, तोही चमकेचा.

आता इतवारीतून जवस आणतो, पाव किलो 35 रुपये. कच्च्या जवसात थोडे सायनाइड सोडणारे घटक असतात, ते भाजल्यानं कमी होतात, म्हणून हलकेच भाजतो. आठवड्यापुरतेच मिक्सरमधून काढून बरणी फ्रिजमध्ये. एका सशाला अर्धा चमचा, पेलेट्सवर (सशांच्या खाद्याच्या गोळ्या) पाण्याचा हबका मारून. कोरडी टाकली तर मिशांना लागते अन् ते शिंकत बसतात. आई रोज म्हणते, "माह्या चटणीचे जवस सशाले?"

रिकामं पाकीट तिनं हळदीसाठी धुऊन ठेवलं होतं. झिप लागेना. शेवटी कपड्याचा चिमटा लावलाय.