दिवाडीचा बोंदेरां: जायचं कसं, बघायचं काय

पावसाळ्यात गोव्याला येत असाल तर एक दिवस मांडवीतल्या दिवाडी बेटासाठी राखून ठेवा, आणि तो बोंदेरांचा दिवस असू द्या. बोंदेरां म्हणजे इथला निशाणांचा उत्सव, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, बेटावरच्या पिएदाद गावात. पुष्कळ जण 'शेवटचा शनिवार' असं ऐकून येतात आणि फसतात. २०२६ च्या ऑगस्टमध्ये पाच शनिवार आहेत. त्यातला चौथा २२ तारखेला. बेटावरच्याच मळार गावचा छोटा बोंदेरां त्याच्या आदल्या शनिवारी असतो. त्यात गर्दी कमी, मुलांना घेऊन तोच बरा.

पोर्तुगीज अमलात गावातल्या वाड्यांचे हद्दीवरून तंटे होत. सरकारने हद्दीवर निशाणं रोवली, लोकांनी ती पाडली. पोर्तुगीजमध्ये निशाण म्हणजे 'बांदेरा', त्यावरून हे नाव. म्हणून मिरवणुकीत चित्ररथांपेक्षा निशाणांकडे बघा: प्रत्येक वाड्याचं वेगळं, आणि ते उंच धरून चालणाऱ्यांचा रुबाबही वेगळा.

खरी मजा फोटाशची, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीची. बांबूची वीतभर पोकळ नळी आणि तिच्यात जेमतेम सरकेल असा दांडा. तिरफळाएवढं हिरवं फळ दांड्याने नळीच्या टोकापर्यंत ढकलायचं, मग मागून दुसरं घालून दांडा जोरात दाबायचा. दोन फळांमधली हवा दबते आणि पुढचं फळ 'फट्' करून उडतं. दांडा नळीपेक्षा बोटभर आखूड हवा, म्हणजे मागचं फळ आतच राहून पुढच्या बाराला बूच होतं. विकत घेताना आधी वाजवून बघा. फळ बारीक असेल तर हवा बाजूने निसटते, आवाजच येत नाही. बांबू वाळका असेल तर नळी चिरते. चष्मा नसेल तर पुढच्या रांगेत उभं राहू नका, आणि कुणाच्या तोंडावर नेम धरू नका.

फेरीबोटीची सेवा चोख आहे, पण त्या दिवशी तिच्यावर ताण फार. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. चारचाकी जुने गोवे बाजूलाच ठेवा. ती बोटीवर चढवायच्या रांगेत अख्खी दुपार जाईल. धक्क्यापासून पिएदाद भातशेतांमधून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे, आणि हिरव्यागार खाजन शेतांतली (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) ती वाट चुकवू नये अशीच आहे. ओहोटीला धक्क्याच्या उतारावरचं शेवाळ उघडं पडतं. चपला घसरतात, पट्ट्याचे सँडल घाला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, गर्दीत छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यात जातात.

सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्यांनी पणजीला वळसा घालूच नये. डिचोलीवरून नार्वे गाठा आणि तिथली फेरी धरा. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. हा देव मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, आणि नार्व्याच्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. सकाळी हे दर्शन आणि दुपारी त्याच देवाच्या मूळ बेटावरचा उत्सव, इतका जुळून आलेला दिवस गोव्यात दुसरा मिळणं कठीण.

खाण्याला मात्र पूर्ण गुण देता येत नाहीत. चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज आणि पाव) आणि रोस ऑम्लेट (कोंबडीच्या रश्श्यातलं ऑम्लेट) छान, गरम मिळेल तिथेच घ्या. पण बोंदेरां बहुतेक श्रावणात पडतो, आणि श्रावण पाळणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्यांनी भाजी-पाव खाऊनच बोटीत चढावं, पाण्याची बाटलीही सोबत घ्यावी.

दुपार कलली की मिरवणूक रंगते. वळणावर उभं राहू नका, तिथे चित्ररथ अडकतात आणि लोक भिंतीशी दाबले जातात. चढाची सरळ बाजू बरी. रात्रीच्या नाचगाण्यासाठी थांबणार नसाल तर अंधार पडायच्या आधी धक्का गाठा. सगळे एकदम उतरले की धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.