नवीन सरकारी नोकरी, रजेचा हिशोब अन् घाटंजीचं टायपिंगचं दुकान : माझा अनुभव

ज्याच्या हातात नियुक्तीची ऑर्डर आली आहे अन् रुजू व्हायचं बाकी आहे त्यानं हे पूर्ण वाचावं. रुजू होऊन सहा-आठ महिने झालेल्याला यातलं अर्धंच कामाचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीला तहसीलच्या रोडवर झेरॉक्स-टायपिंगचं एक लहान दुकान आहे. टिनाचं शेड, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आत एक कॉम्प्युटर अन् प्रिंटर. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, याच कामाची गर्दी असते. पण कोपऱ्यातल्या टेबलवर जे काकाजी बसतात ते रिटायर्ड आस्थापना लिपिक आहेत, उभी नोकरी लोकांची सेवापुस्तकं (कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या अन् रजेच्या नोंदींची वही) लिहिण्यात गेली, अन् आता नवीन लागलेल्या पोरापोरींचे रुजू अहवाल, रुजू व्हायला मुदतवाढ मागायचे अर्ज, रजेचे अर्ज करून देतात. टायपिंगचे पानामागे 20 रुपये अन् बसून समजावून सांगायचे 100, तेही काम झाल्यावर मागतात. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

माझं प्रकरण असं होतं की ऑक्टोबरमध्ये कनिष्ठ लिपिकाची ऑर्डर आली, पोस्टिंग गडचिरोली जिल्ह्यात, अन् इकडे ताईचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं, बाबा एकटे, वावरात कापूस फुटलेला अन् वेचणीला बाया मिळत नाई. पुण्याला कंपनीत असलेला मित्र म्हणे की जॉइन व्हायच्या आधीच एचआरशी बोलून घे, वर्षाला सुट्ट्या किती देता, पहिल्या महिन्यात दहा दिवस सोडता का ते ठरवून घे. त्याच्याकडे तसं चालत असेल. मी आधी एका ऑनलाइन मार्गदर्शनवाल्याकडे पैसे भरले होते तर त्यांनी जी पीडीएफ पाठवली ती केंद्र सरकारच्या नियमांची निघाली, वर सल्ला असा की स्वीकृतीपत्रातच तुमच्या रजेच्या अटी लिहून द्या. राज्याच्या कर्मचाऱ्याला याचा काय उपयोग?

काकाजींनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "हे पाय बापू, रजेचा भाव करता येत नाई. किती दिवस ते नियमात लिवलं हाये, अन् रजा हक्क म्हणून मागता येत नाई हेबी तिथंच लिवलं हाये. तुले ठरवता येते ते दोनच, तारीख अन् कागद."

मग त्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 ची आपली जुनी प्रत काढली अन् एकेक पान दाखवत गेले. अर्जित रजा, म्हणजे नोकरी करून कमावलेली भरपगारी रजा, वर्षाला 30 दिवस, 1 जानेवारीला 15 अन् 1 जुलैला 15 आगाऊ जमा होते, साठत साठत 300 पर्यंत जाते अन् शिल्लक राहिली तर रिटायर होताना तिचा पैसा मिळतो. अर्धपगारी वर्षाला 20 दिवस. किरकोळ रजा म्हणजे आपली सीएल, वर्षाला 8. एवढं तर कुठंही वाचायला मिळते. पण वर्षाच्या मधातच रुजू होणाऱ्याचं काय होते हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्या सहामाहीत तुम्ही लागता त्या सहामाहीत अर्जित रजा पूर्ण कॅलेंडर महिन्यामागे अडीच दिवस या हिशोबानं मिळते, अन् पूर्ण महिना म्हणजे 1 तारखेपासून. मी 1 नोव्हेंबरला रुजू झालो तर नोव्हेंबर-डिसेंबर दोन्ही धरून 5 दिवस, अन् 3 तारखेला गेलो तर एकटा डिसेंबर धरला जाते, म्हणजे दोन दिवस उशिरा जाण्यात अडीच दिवसांची भरपगारी रजा गेली. अन् तेही मध्यान्हपूर्व रुजू झालं पाहिजे, दुपारून पोचलो अन् अहवालात मध्यान्होत्तर पडलं तर हिशोब दुसऱ्या दिवसापासून. म्हणून काकाजींनी सांगितलं की आदल्या दिवशीच निघ, पांढरकवडा-वणी-चंद्रपूर करत गडचिरोलीला मुक्काम कर, सकाळी एसटीची वाट पाहत बसू नको. मी तसंच केलं.

मुदतवाढीचा विचार माझ्या डोक्यात होताच, लग्न आटोपून डिसेंबरमध्ये जावं असं घरचेही म्हणत होते. त्यावर काकाजी जवळजवळ अर्धा तास बोलले अन् मला वाटते या दुकानाची खरी किंमत तिथं आहे. सरळसेवेनं, म्हणजे बढतीनं नाही तर थेट भरतीनं लागलेल्यांची ज्येष्ठता गुणवत्ता यादीच्या क्रमानं राहते, पण ऑर्डर निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत रुजू झालं तर, किंवा सक्षम अधिकाऱ्यानं मुदत वाढवून दिली असेल तर. तोंडी "या नंतर, काही हरकत नाही" म्हणणाऱ्या बाबूचा शब्द तिथं चालत नाही, मुदतवाढीचा लेखी आदेश लागते अन् तो ज्यांनी ऑर्डर काढली त्यांच्याचकडून लागते. आजाराचं, बाळंतपणाचं कारण असेल तर ते अर्ज करून देतात, मी त्यांना तसा एक अर्ज लिहिताना पाहिलं, चार ओळीत कारण, सोबत कागद अन् नेमकी कोणत्या तारखेपर्यंत मुदत पाहिजे ते. पण लग्नाच्या कामासाठी सगळ्या नोकरीची ज्येष्ठता पणाला लावू नको, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "वापसा आला का पेरा लागते, मंग घरी पावणे आले तं आले."

मग लग्नाचं कसं? रुजू झाल्या दिवशीच साहेबांना लग्नाची पत्रिका द्यायची, तोंडी सांगून ठेवायचं, अन् लगेच त्या आठवड्यात लेखी अर्ज द्यायचा. कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून शुक्रवार अन् सोमवारची किरकोळ रजा टाकली की मधले शनिवार-रविवार धरून चार दिवस घरी राहता येते. वर्षाच्या शेवटी लागलेल्याला आठच्या आठ सीएल मिळतीलच असं धरून चालू नको, साहेब राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात देतील हे मनात ठेवून दोनच माग, असं त्यांचं म्हणणं. अन् त्याच अर्जात खाली एक ओळ, मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. ही ओळ मी कधीच लिहिली नसती. जिल्ह्याबाहेर दीड-दोनशे किलोमीटरवर जाणाऱ्या माणसाला ती परवानगी लागतेच, रजा मंजूर आहे म्हणजे गाव सोडायची परवानगी आपोआप मिळाली असं होत नाही. माझा अर्ज एका पानाचा होता, साहेबांनी वाचून सही केली, एक प्रश्नही विचारला नाही.

मी तिथं बसलो असतानाच वनरक्षक असलेला एक पोरगा आला, त्याची तलाठ्याची निवड झाली होती (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे). तो साधा राजीनामा टाइप करायला आला होता, "वैयक्तिक कारणास्तव". काकाजींनी हातातला कागद बाजूला ठेवला अन् विचारलं की परीक्षेचा फॉर्म ऑफिसला कळवून भरला होता का, ना हरकत घेतली का. घेतली होती. मग त्याचा अर्ज वेगळा केला, की परवानगीनं अर्ज केला होता अन् दुसऱ्या शासकीय पदावर रुजू होण्यासाठी कार्यमुक्त करावं, राजीनामा त्याच कारणासाठी आहे. साध्या राजीनाम्यानं आधीची सेवाही जाते अन् खात्यात साठलेली रजाही नव्या पदावर सोबत येत नाही, परवानगीनं दुसऱ्या शासकीय पदावर गेलं तर दोन्ही टिकते. त्या पोराच्या काही वर्षांच्या अर्जित रजेचा प्रश्न होता अन् तो 20 रुपयांत सुटला. नोकरी बदलताना रजेबद्दल जे काही वाचवता येते ते सगळं या एका कागदात आहे असं मला तरी वाटते.

एक आरोग्य सेविका ताईही होत्या, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की बालसंगोपन रजा 730 दिवस मिळते. ते केंद्राचं. आपल्या राज्यात 180 दिवस, सगळ्या सेवेत मिळून. प्रसूती रजाही 180 दिवस, पण ती वेगळी, या दोन्हीची गल्लत होते. काकाजींनी त्यांना हे शांतपणे दोनदा सांगितलं, नाराज झाल्या पण खोट्या आशेवर राहिल्या नाही.

अजून एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे खोटं काम करत नाही. एक जण परिवर्तित रजेसाठी (अर्धपगारी रजा आजारपणात भरपगारी करून घेतात ती) मेडिकल सर्टिफिकेट "जमवून द्या" म्हणे, त्याला सरळ उठवलं. वर हेही सांगितलं की परिवर्तित रजेचा एक दिवस घेतला की अर्धपगारीतून दोन दिवस कटते, खरा आजार आला तेव्हा खातं रिकामं राहील.

आता कमी काय ते. काकाजी फोन उचलत नाही, यावंच लागते. बोलणं लांब चालते, मधात सातबारावाले येऊन उभे राहतात अन् आपलं काम थांबते, म्हणून सकाळी दुकान उघडता उघडता गेलेलं बरं. लाइन गेली की प्रिंटर बंद, इन्व्हर्टर नाही. मे महिन्यात त्या टिनाखाली बसवत नाही, बाईमाणूस लहान लेकरू घेऊन आलं तर फार हाल होतात, निदान एक कूलर अन् पाण्याचा माठ तरी ठेवावा ही माझी मनापासून विनंती आहे. एसटी महामंडळ, महावितरण यांचे नियम वेगळे, त्यांची कामं ते घेत नाही अन् तसं तोंडावर सांगतात. शाळेतल्या मास्तरांना उन्हाळी-दिवाळीच्या सुट्ट्या असतात म्हणून त्यांच्या अर्जित रजेचा हिशोबही वेगळा आहे, त्यांनी येताना तसं आधीच सांगावं.

जाताना नियुक्ती आदेशाच्या दोन झेरॉक्स, आधीची सरकारी नोकरी असेल तर ना हरकतीची प्रत, अन् ज्या कामासाठी रजा पाहिजे त्याचा कागद, पत्रिका असो की दवाखान्याची चिठ्ठी, सोबत ठेवा. रुजू झाल्यावर जानेवारी अन् जुलैत आपला रजेचा हिशोब सेवापुस्तकात चढला का ते आस्थापनेत जाऊन डोळ्यानं पाहा अन् दुय्यम सेवापुस्तकावरही (आपल्याजवळ राहणारी दुसरी प्रत) नोंद करून घ्या, हे काकाजी प्रत्येकाला सांगतात, मी जानेवारीत पाहिलं तेव्हा माझे 15 चढलेले होते पण नोव्हेंबर-डिसेंबरचे 5 राहिले होते, लिपिक मॅडमनी रुजू अहवाल पाहून तिथंच नोंद करून दिली.