सर्व्हिसिंगनंतर क्लच स्लिप व्हायला लागला तर आधी ऑइल तपासा, प्लेटांचे पैसे देऊ नका

मित्रांनो, जरा लांबलचक आहे पण बाईक असेल तर पूर्ण वाचा. माझी पल्सर १५० आहे, जुनी आहे पण टकाटक ठेवलेली, आणि गेल्या पावसाळ्यानंतर एका गॅरेजवाल्याने ऑइलच्या नावाखाली मला दोनदा लुटलं. गॅरेजचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे.

झालं असं की साताऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने दुकान बंद केलं, म्हणून हायवेजवळच्या एका मोठ्या चकाचक गॅरेजात गाडी टाकली. शेठ बोलायला एकदम गोड. ऑइलचं झाकण उघडलं, ऑइल बोटावर घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, काळंकुट्ट झालंय, इंजिन खराब होईल, फुल सिंथेटिक टाकून देतो, गाडी मख्खन होईल". आता हे बोटावर काळं ऑइल दाखवणं ही पहिली चाल असते हे लक्षात ठेवा. चांगलं ऑइल काळं होतंच, इंजिनातली काजळी ते स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं होतं, नुसत्या रंगावरून काही ठरत नाही, किती किलोमीटर झाले ते बघायचं. माझ्या गाडीचे किलोमीटर झाले होते म्हणून मी हो म्हणालो. मी २०डब्ल्यू-५० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते) सांगितलं, त्याने रॅकवरचा बाईकच्या ऑइलचा सीलबंद एक लिटरचा डबा काढून दाखवला, आणि मग "तुम्ही चहा घेऊन या ना, पंधरा मिनिटं लागतील". परत आलो तर गाडीशेजारी तसाच डबा रिकामा ठेवलेला, गाडी पुसून तयार. बिलावर २०डब्ल्यू-५० सिंथेटिक, एक नग.

पहिले काही दिवस गाडी खरंच हलकी वाटली, आवाज कमी. नंतर पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटाच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की आरपीएमचा काटा सरळ वर सहा-सात हजारावर जायचा आणि स्पीड चाळीसला अडकलेला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी ओढत नाही (यालाच क्लच स्लिप म्हणतात), मागून ट्रक हॉर्न देतायत, मागे बायको बसलेली. घाटात असं झालं की काय जीव जातो ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. वर जाऊन केबल बघितली, लिव्हरला प्ले (मोकळी हालचाल) व्यवस्थित होता, म्हणजे केबल ताणली गेल्यामुळे नव्हतं.

परत त्याच गॅरेजात. शेठने एक चक्कर मारली आणि लगेच निकाल, "क्लच प्लेटा जळाल्यात". संध्याकाळी गाडी परत दिली, हातात चार काळ्या पातळ झालेल्या प्लेटा ठेवल्या, "बघा काय हालत झालीये", आणि प्लेटा, गॅस्केट, परत ऑइल, मजुरी मिळून अडीच हजारांच्या वर बिल. त्या प्लेटा मी पिशवीत घालून घरी आणल्या. पुढच्याच आठवड्यात परत तेच, काटा वर आणि गाडी ढिम्म.

मग मामांनी कराडला त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे पाठवलं, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, घराच्या पडवीतच काम करतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ऑइल कोणतं घातलंय? डबा कुठाय?" डबा गॅरेजवाल्याने ठेवून घेतला होता. मिस्त्रींनी ड्रेन नट खोलला, निघालेलं ऑइल थोडं आणि त्यांच्याकडचं नवं २०डब्ल्यू-५० थोडं असं पत्र्याच्या तुकड्यावर शेजारी शेजारी टाकलं आणि पत्रा तिरका केला. नवं सावकाश सरकत होतं, माझ्या गाडीतलं सरसर खाली आलं. म्हणाले वापरून थोडं पातळ होतं पण आठवड्यात एवढं होत नाही, हे कारचं पाच-तीस (५डब्ल्यू-३०) वगैरे पातळ ग्रेडचं काहीतरी आहे.

मग क्लच कव्हर उघडलं, आणि हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, आतल्या प्लेटांचं लायनिंग (पकड धरणारा थर) चांगलं जाड होतं पण त्या नवीन नव्हत्या, माझ्याच जुन्या होत्या. मिस्त्रींनी माझ्या पिशवीतली ती 'जळालेली' प्लेट घेतली आणि क्लचच्या बास्केटमध्ये (प्लेटा ज्या खाचांच्या भांड्यात बसतात ते) बसवायला गेले तर प्लेटेचे कान खाचेत बसेनात. साईजच वेगळी. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या भंगार प्लेटा मला दाखवून पैसे घेतले होते!!

आता मिस्त्रींनी समजावलं ते सगळ्यांना माहीत पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच ऑइल, क्लच प्लेटा ऑइलमध्येच फिरतात. बहुतेक कारमध्ये क्लच कोरडा आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, म्हणून कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी केमिकल घालतात, मायलेज वाढावं म्हणून. तेच बाईकमध्ये घातलं की प्लेटांची पकड सुटते. यासाठीच जपानमध्ये १९९८ ला जासो (तिथली गाड्यांची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) टी ९०३ हे स्टँडर्ड आलं. डब्याच्या मागे छोट्या चौकोनात जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं, ते गिअरच्या बाईकचं, त्यात एमए२ ची पकड जास्त. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते ॲक्टिव्हासारख्या स्कूटरना चालतं कारण त्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो. डब्यावर एपीआयचा (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) गोल शिक्का असतो, त्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' (म्हणजे मायलेजसाठी घर्षण कमी केलेलं) दिसलं तर ते बाईकमध्ये घालूच देऊ नका. सिंथेटिक आहे, भारी आहे, महाग आहे, यातलं काहीही ऐकू नका, जासोचा चौकोन बघा. आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, माझ्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बुलेट ३५० ला १५डब्ल्यू-५०, शेजाऱ्याने काय घातलंय त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

मिस्त्रींनी प्लेटा पुसून परत बसवल्या, बरोबर ऑइल घातलं, थोडं चालवून तेही काढलं आणि परत ताजं भरलं, कारण आधीचं कोपऱ्यात राहिलेलं असतं. स्लिप बंद. मजुरी दोनशे रुपये घेतली त्या माणसाने, जास्त द्यायला गेलो तर हात जोडले.

त्या प्लेटा घेऊन गॅरेजात गेलो तेव्हा शेठ नव्हता. काउंटरच्या मागे कारच्या ५डब्ल्यू-३० चा साडेतीन लिटरचा मोठा डबा अर्धा संपलेला, मी फोटो काढला, आणि तिथला पोरगा बिचारा बोलून गेला की बाईकना शेठ यातनंच ओततात, बाईकचे डबे दाखवायला असतात. म्हणजे एका मोठ्या डब्यात तीन बाईक, आणि रेट सिंथेटिक बाईक ऑइलचा. शेठ आल्यावर आधी आवाज चढवला, "कारचं ऑइल भारीच असतं", मग प्लेट समोर ठेवली तेव्हा गप्प. प्लेटांचे पैसे तिथेच परत दिले, ऑइलचे आणि मजुरीचे नाही म्हणाला. त्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, दोन्ही बिलं आणि फोटो जपून ठेवलेत. बिल नसतं तर काहीच करता आलं नसतं, म्हणून बिलावर ऑइलचं नाव, ग्रेड आणि लिटर लिहून घ्याच, 'सर्व्हिसिंग - एकूण' असं बिल घेऊ नका.

ऑइल बदलताना चहाला जाऊ नका. झाकणाखालचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, डब्याची बॅच आणि तारीख बघा, आणि रिकामा डबा तिथे सोडू नका, घरी न्या किंवा तिथेच स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा, कारण चांगल्या कंपनीचे रिकामे डबे भरून परत विकायलाच गोळा केले जातात. ऑइल स्वतः विकत घेऊन गेलात तर उत्तमच, जो मेकॅनिक त्याला नाही म्हणतो त्याच्याकडे गाडी लावू नका. आणि सर्व्हिसिंग झाल्यावर थोड्याच दिवसांत काटा वर आणि गाडी ढिम्म असं झालं तर क्लच प्लेटांना हो म्हणायच्या आधी दुसऱ्या मेकॅनिककडून ऑइल बदलून घ्या, ते प्लेटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तरीही प्लेटा बदलायची वेळ आलीच तर काढलेली जुनी प्लेट तुमच्यासमोर बास्केटमध्ये बसवून दाखवायला सांगा.