जेरुसलेम मंदिराच्या दक्षिण पायऱ्या, अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर: ५ पैकी साडेचार स्टार

आम्ही २०२३ च्या फेब्रुवारीत गेलो होतो, मी, माझी मावशी आणि आमच्या चर्चची मंडळी, दहा दिवसांचं पॅकेज. त्या पॅकेजमध्ये जेरुसलेमचं मंदिर म्हणजे पश्चिम भिंतीपाशी चाळीस मिनिटं आणि मग सरळ शॉपिंग. तिथल्या गाइडने माइकवर सांगून टाकलं की येशू धर्माच्याच विरोधात होता, त्याला मंदिर बंद पाडायचं होतं म्हणून याजकांनी त्याला मारलं, आणि लगेच चला चला बस लागली. मावशी नगरची आहे, रविवारची उपासना आणि प्रार्थनासभा कधी म्हणजे कधी चुकवत नाही. ती गप्पच झाली. रात्री हॉटेलवर मला म्हणाली, अगं मग आपण आयुष्यभर जे करतोय ते त्याच्या मनाविरुद्ध करतोय का?

मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून शेवटून दुसरा दिवस मोकळा होता तेव्हा आम्ही दोघींनी ही टूर वेगळी बुक केली, आणि रिव्ह्यू तिचाच आहे.

गाइड निघाला बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाचा! आजी-आजोबा अलिबागकडचे, हा स्वतः इस्रायलमध्येच जन्मलेला, पण आजीकडून ऐकलेलं मराठी बोलतो, अडखळत पण इतकं गोड की मावशीने पाच मिनिटांत त्याला अरे बाळा म्हणायला सुरुवात केली. सुरुवात डंग गेटपासून, आपल्या मराठी बायबलातल्या उकिरडा वेशीचंच नाव याला आहे. आत आर्किऑलॉजिकल पार्क आहे. १९६७ च्या युद्धानंतर पुरातत्त्वज्ञ बेंजामिन मझार यांनी इथे बरीच वर्षं खोदकाम केलं आणि मंदिर उभं होतं त्या काळातला रस्ता, दुकानांचे गाळे आणि या पायऱ्या बाहेर आल्या. इ.स. ७० मध्ये मंदिर पाडताना रोमनांनी वरून ढकललेले दगड अजून त्या रस्त्यावर ढिगाने पडलेत, फरशा त्यांच्या वजनाने खचल्यात, ते बघून पोटात गोळा येतो.

तिथेच एका दगडाची प्रतिकृती आहे, मूळ दगड इस्रायल म्युझियममध्ये आहे. त्यावर हिब्रूत तुतारी फुंकण्याच्या जागेचा उल्लेख आहे, म्हणजे मंदिराच्या कोपऱ्यावर उभं राहून शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुरू झाला हे जिथून गावाला कळवायचे ती जागा. इथे गाइड थांबला आणि म्हणाला, मावशी, तुमच्याकडे आम्हाला शनवार तेली म्हणायचे, माहिती आहे ना? कोकणात आमच्याकडे शतकानुशतकं रब्बी नव्हते, ग्रंथ नव्हते, तुतारी तर नव्हतीच, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, मुलाची सुंता आठव्या दिवशी, आणि शमा ही प्रार्थना तोंडपाठ. तेवढ्यावर आम्ही टिकलो, मग याला कोणी नुसतं कर्मकांड म्हटलं की मला लागतं.

मला वाटतं टूरचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले, कारण त्यानंतर पुढची प्रत्येक गोष्ट मला वेगळी दिसायला लागली.

पायऱ्यांच्या खाली दगडात कोरलेली शुद्धीची कुंडं आहेत, मिकवे. वर जायच्या आधी पाण्यात उतरून शुद्ध व्हायचं, श्रीमंत असो की गरीब. गालीलातून सणाला येणाऱ्या येशूलाही ते चुकलं नसणार. आणि खरंच नीट वाचलं तर हा माणूस नियम सोडून पळालेला दिसतच नाही. शब्बाथाला आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जातो (लूक ४), कुष्ठरोग्याला बरं करून सांगतो की जा, याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर (मार्क १), रक्तस्रावी बाई त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते म्हणजे नियमशास्त्रात सांगितलेले गोंडे त्याच्या अंगावर होते, आणि मरणाच्या आदल्या रात्री वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन. परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, त्याने झोडपलं ते मत्तय २३ मध्ये, पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश देता पण न्याय, दया, विश्वास सोडून दिलात म्हणून, आणि पुढे लगेच काय म्हणतो तर या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. हे दुसरं अर्धं वाक्य कोणीच वाचत नाही याचा मला आता खरंच राग येतो.

मग येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग का पालथे केले? हे गाइडने पायऱ्यांवर बसवून समजावलं. मंदिराचा कर अर्धा शेकेल, आणि तो सोर शहराच्या चांदीच्या नाण्यातच द्यायचा कारण त्यात चांदी शुद्ध, त्या नाण्यावर मेल्कार्त नावाच्या परक्या देवाचं डोकं असूनही ते चालायचं. म्हणजे सराफ हवेतच, आणि लांबून येणाऱ्याला कबुतरंही तिथेच विकत मिळायला हवीत, त्याशिवाय अर्पण होणारच नाही. कबुतर हे गरिबाचं अर्पण, मरीया आणि योसेफ यांनीही पक्ष्यांचंच अर्पण केलं होतं. त्यामुळे या व्यवहारातून कोण कमावत होतं हा प्रश्न महत्त्वाचा. कयफा इ.स. १८ ते ३६ असा अठरा वर्षं मुख्य याजक राहिला, तोही रोमी सुभेदाराने नेमलेला, आणि त्याचा सासरा हन्ना आधी त्याच पदावर होता. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू बोलतो आणि लगेच पुढच्या ओळींत मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा दिसते. मी हे इतक्या वेळा ऐकलंय, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे त्या दगडावर बसून पहिल्यांदा कळलं.

मी मुद्दाम आडवं विचारलं, की मग मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं येशू का म्हणाला? गाइड म्हणाला, यिर्मया संदेष्टा याच जागेवरच्या आधीच्या मंदिराच्या दारात उभं राहून तेच म्हणाला होता, आणि लुटारूंची गुहा हे शब्दही यिर्मयाचेच. यशया, आमोस, होशेय हे संदेष्टेही न्याय सोडून केलेल्या पोकळ विधींवर ओरडत होते, त्यांना कोणी धर्मविरोधी म्हणत नाही, मग येशूला का? योहान ४ मात्र मला अजून अवघड जातं, या डोंगरावर नाही आणि जेरुसलेमातही नाही असं तो शोमरोनी बाईला म्हणतो तिथे नुसत्या पोकळ विधींबद्दल बोलतोय असं मला म्हणता येत नाही, तिथे काहीतरी मोठं बदलतंय. पण त्याच्या लगेच पुढे तारण यहुद्यांकडून आहे असंही तोच म्हणतो. आणि तो गेल्यावर पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी कुठे निघालेत तर मंदिरात (प्रेषित ३). मंदिर नको असं गुरूने शिकवलं असतं तर शिष्य तिथे गेले असते का? आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडली तेव्हा पगार आणि साहेबी कारभार सोडला, पण एकटे नाही बसले, बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सगळ्यांना घेऊन देवाचा दरबार मांडला, आणि त्यांची भजनं आम्ही चर्चमध्ये आजही गातो.

मावशीने स्वतःहून मत्तय ५ काढलं. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. गाइड म्हणाला पुढचं वाचा. मग येऊन आपलं दान अर्पण कर. मावशी ते मग येऊन दोनदा मोठ्याने वाचत होती आणि मला रडू आलं.

अर्धा स्टार का कापला तर सावली अजिबात नाही, बसायला बाक कमी, इस्रायल म्युझियम या टूरमध्ये नाही, आणि माणशी खर्च दोघींना जास्तच पडला, चार जण असाल तर परवडेल. ते म्युझियम आदल्या दिवशी करा, तिथे जुन्या जेरुसलेमचं १:५० मापाचं मॉडेल आहे आणि कयफाच्या घराण्याची १९९० मध्ये सापडलेली अस्थिपेटीसुद्धा, ते बघून आलात तर पायऱ्यांवर उभं राहिल्यावर वर काय होतं ते डोळ्यांपुढे येतं. पायऱ्या मुद्दाम एक रुंद एक अरुंद आहेत, घाईने चढता येतच नाही, गुडघे दुखत असतील तर काठी न्या. वरचे दरवाजे बुजवलेले आहेत. सध्या कोणी जायचा विचार करत असाल तर तिथली परिस्थिती बघूनच ठरवा, आणि बुक करताना मराठी येणारा गाइड मिळेल का हे नक्की विचारा.