एसपीडी पेडल: एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढल्यावर

पेडल चांगलेच आहेत, हे आधीच सांगून टाकतो. शिमानोचे साधे एसपीडी, म्हणजे बूट खटकन अडकवायचे पेडल, दोन बोल्टच्या क्लीटवाले. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसणारी, पेडलमधे अडकणारी धातूची पट्टी. बेअरिंगमधून आवाज नाही, काही नाही. स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो ते क्लीटच्या जागेबद्दल, आणि त्याहून जास्त त्या चार बोल्टांबद्दल.

दुकानात बसवून घेतले तेव्हा तिथल्या पोराने क्लीट पार पुढच्या टोकाला लावून दिल्या. का, तर "सगळ्यांना इथंच लावतो." संभाजीनगर ते वेरूळ हा आपला नेहमीचा राउंड. शरणापूर फाट्यापर्यंत काही वाटायचं नाही, पण दौलताबादचा घाट चढून खुलताबादला पोचलो की उजवा चवडा बधिर आणि दोन्ही पोटऱ्या आखडलेल्या. दुकानदाराचं म्हणणं, कार्बन सोलचे शूज घ्या. माझे शूज नवे होते, साहेब!

मग घरीच बसलो. बूट घालून अंगठ्याच्या मागचं टेंगूळ बाहेरून चाचपलं, तिथे स्केचपेनने खूण केली. करंगळीच्या बाजूलाही तशीच. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधे यायला हवा. माझा आस अंगठ्याच्या खुणेच्याही पुढे होता. दोन्ही क्लीट पाच-सहा मिलिमीटर मागे घेतल्या. बधिरपणा पुढच्याच राइडला कमी झाला, पोटऱ्यांना वेळ लागला. मात्र गुडघ्याच्या मागे ताण जाणवू लागला, कारण क्लीट मागे गेली की पायाची पोच कमी होते. सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घेतली, तेव्हा कुठे जमलं. ही गोष्ट दुकानात कोणीच सांगत नाही.

मागे जितकं जास्त तितकं बरं, असं मी ग्रुपवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता तसं म्हणणार नाही. बुटाच्या तळातली क्लीटची खाच संपेपर्यंत मागे नेऊन पाहिलं. बसून लांब अंतर मारायला झकास, पण उभं राहून जोर काढायचा म्हटलं की पाय मठ्ठ वाटतो. शिवाय पाय पेडलवर पुढे सरकतो, त्यामुळे हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यात बस अडकली होती, तिच्या कडेने निघताना हे कळलं. चवडा आडवा आणि मागे हॉर्न. सध्या क्लीट मधल्या जागेच्या किंचित मागे आहे आणि तिथेच राहणार.

हे पेडल मुळात स्कीइंगवाल्यांकडून आलेलं प्रकरण आहे. 'लुक' ही फ्रान्सची स्की-बाइंडिंग बनवणारी कंपनी, तिने १९८४ मध्ये सायकलसाठी असे पेडल काढले आणि १९८५ ला फ्रान्सच्याच बर्नार्ड इनो या सायकलपटूने त्यांवरच टूर दि फ्रान्स जिंकली. तिकडे बर्फावरचे लोकही बाइंडिंग सेंटिमीटरभर पुढे-मागे करून बघतात. पुढे घेतली की वळण पटकन सुरू होतं, मागे घेतली की भुसभुशीत बर्फात स्कीचं टोक वर राहतं. फक्त त्यांना आपली काळी माती नसते.

आता बोल्ट. पावसाळ्यात रस्ता खोदलेला होता तिथे उतरून चाललो, माती क्लीटमधे गच्च बसली. वाळल्यावर ४ मिलिमीटरच्या ॲलन कीचं (षटकोनी चावीचं) भोक कुठे आहे तेच दिसेना. टाचणीने कोरून काढलं, तरी की अर्धीच बसली आणि फिरवताच एका बोल्टची आतली कड गुळगुळीत झाली. बसवताना ग्रीसचं बोटही लावलेलं नव्हतं, कोरडाच आवळलेला. दुकानात घेऊन गेलो तर उत्तर काय? "शूजच बदलावे लागतील." एका बोल्टसाठी शूज! माझा आवाज चढला, त्याचाही चढला. शेवटी वाळूजच्या एका वर्कशॉपवाल्या दादांनी त्यात जरा मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हातोडीने ठोकला, पाना लावला आणि क्षणात बोल्ट बाहेर. ५० रुपये घेतले, वर चहा त्यांचाच.

आता आटे ग्रीसमधे बुडवूनच लावतो. ५ ते ६ न्यूटन मीटरच्या वर आवळायचं नाही. भोकात मेणबत्तीचं मेण टाकतो, म्हणजे माती आत जात नाही. खोलायचं असेल तेव्हा टाचणीने मेण उपसलं की ॲलन की पूर्ण बसते. क्लीटभोवती पांढऱ्या मार्करची रेघ मारून ठेवली आहे, नवी क्लीट त्याच रेघेत बसेल.

पेडलला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण बोल्टांनी खाल्ला, आणि तो मी देणार नाही. चौथा बोल्ट सध्या मित्राच्या डब्यातला उसना आहे. संभाजीनगरात किंवा जालन्यात सुटे मिळत असतील तर दुकान सांगा, एका बोल्टसाठी क्लीटचा अख्खा सेट घ्यायची माझी तयारी नाही.