‘ब्रेक दाबून ठेव’ म्हणणारा साहेब आणि माझं सव्वाशे लिटर डिझेल

डिझेल जातं ते ड्रायव्हर झोपल्यावर, असं मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो. म्हणून ढाब्यावर ट्रक लावताना टाकीची बाजू भिंतीकडे, झाकणाला कुलूप, टाकीच्या तोंडात जाळी, असा सगळा बंदोबस्त. प्रत्यक्षात माझं डिझेल गेलं तेव्हा मी टक्क जागा होतो, इंजिन चालू होतं आणि ब्रेकवर पाय ठेवून मीच चोरांना साथ देत होतो.

जानेवारीतली गोष्ट. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून इंदूरला निघालो होतो. नेहमीचे ड्रायव्हर मामा गाडीवर नव्हते, ते का ते पुढे सांगतो. स्टेअरिंगवर मी, क्लीनरही नाही. टाकी पिंपळगावलाच फुल्ल केलेली. रात्री दीडच्या सुमाराला मालेगाव मागे पडलं. धुळं अजून लांब होतं. कडेला एक पांढरी बोलेरो उभी, काचेवर ‘तपासणी पथक’ अशी पाटी. रिफ्लेक्टरचं जाकीट घातलेल्या माणसानं टॉर्च हलवून गाडी साइडला घ्यायला लावली. खाकी पँट, स्वेटर, त्यावर जाकीट. नावाची पट्टी दिसली नाही, पण त्या गारठ्यात स्वेटर घातलेल्या माणसाला नावाची पट्टी कोण विचारतो?

कागद त्यानं हातात घेतले आणि उलटसुलट करून परत दिले. खरं तर इथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. खरी तपासणी कागदांपासून सुरू होते: फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी. मशीनमध्ये गाडी नंबर टाकला की सगळं समोर येतं. याच्याकडे मशीनच नव्हतं. तो थेट सामानावर आला. “त्रिकोण काढ. फर्स्ट एडची पेटी. फायरचा सिलिंडर.” गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायच्या त्या त्रिकोणाचा एक पाय ढिला होता, त्यावर त्यानं बरोबर बोट ठेवलं. सिलिंडरवरची तारीख पुसट झालेली. टॉर्च धरून म्हणाला, “मुदत संपलीय.” मी नरमलो. कांदा भरलेला माणूस तसाही लवकर नरमतो, त्याला थांबणं परवडत नाही.

मग म्हणाला, “वर बस. इंजिन बंद करू नकोस. ब्रेक दाबून ठेव, मागचे दिवे बघतो. थोडी रेस दे. आता डावा इंडिकेटर. आता उजवा.” दहा-बारा मिनिटं हा खेळ चालला. तो उजव्या अंगाला, मला दिसेल असा उभा राहून मागे ओरडायचा, “लागला का रे?” मागून कुणीतरी “परत लावा” म्हणायचा. डाव्या आरशात मात्र टॉर्चचा झोत सरळ मारलेला, काहीच दिसत नव्हतं. टाकी डावीकडे. इंजिनच्या आवाजात बॅटरीवरचा छोटा पंप कसला ऐकू येतोय!

शेवटी पाच हजारांच्या चलनाची आणि कोर्टाची भीती घालून १,५०० रुपये रोख घेतले. मीही तोडपाणी केलं, ते लपवत नाही. सिलिंडर ‘जप्त’ म्हणून घेऊन गेले, पावती नाही.

लळिंग घाटाच्या अलीकडे डिझेलच्या काट्याकडे लक्ष गेलं. निम्म्याच्याही खाली. एका ढाब्याच्या उजेडात गाडी लावून उतरलो. झाकण तिरपं, एकाच आट्यावर अडकवलेलं. कुलपाचा कोयंडा वाकवलेला. आतली जाळी खाली रेटून फाडलेली आणि टाकीवरून चाकाकडे ओला ओघळ. धुळ्याच्या पंपावर टाकी परत फुल्ल केली, १६० लिटर बसलं. पिंपळगावपासून सव्वाशे-एक किलोमीटर, चारचं ॲव्हरेज धरलं तरी तीस-बत्तीस लिटर जळालं असेल. उरलेलं नव्वदच्या भावानं साडेअकरा हजारांच्या घरात जातं.

आता मामांचं. आदल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला होता, “शेठ, तपासणीवाल्यांनी सिलिंडर नेला, आणि डिझेलही कमी दाखवतंय.” मी मनात म्हटलं, सिलिंडर विकला आणि डिझेल मारलं. आमच्या धंद्यात पहिला संशय ड्रायव्हरवरच जातो. कॅन भरून ढाब्यावर डिझेल विकणारे असतातच, नाही असं नाही. मी पगारातून ९,००० कापले. ते वाद घालत बसले नाहीत. दिवाळी झाली आणि दुसऱ्याच्या गाडीवर गेले.

मी ११२ ला फोन केला, धुळ्यात तक्रार दिली. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर घेता येतो. चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, सरकारी माणूस असल्याचं सोंग घेतल्याबद्दल २०४. पण “बोलेरोचा नंबर?” म्हणून विचारलं तेव्हा मी गप्प. पाटी वाचली होती, नंबर नाही.

म्हणून गाडीवाल्यांनो, थांबवलं तर थांबा, पळू नका. पण इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि खाली उतरून गाडीभोवती त्यांच्यासोबत फिरा. कुणी वर बसून राहायला सांगितलं तर आधी टाकीच्या बाजूला जाऊन या. गणवेश आणि नावाची पट्टी बघायला मागा. मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद चालतात, मूळ कागद सोडू नका. काही जप्त केलं तर पावती मिळायलाच हवी. ई-चलान गाडी नंबरवर पडतं आणि सरकारी साइटवर दिसतं, ते रोखीनं मिटवायची घाई नसते. शंका आली तर त्यांच्यासमोरच ११२ लावा. आणि त्रिकोण, सिलिंडर धड ठेवा. माझा त्रिकोण नीट असता तर मी दोन प्रश्न तरी विचारले असते.

इंदूरला माल उतरवून मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “डाव्या आरशात टॉर्च मारली होती?”

“हो.”

“मग तेच ते, शेठ.”

९,००० दुसऱ्याच दिवशी पाठवले. गाडीवर मात्र ते अजून आलेले नाहीत.