‘छर्रे साईझ करायचं मशीन’ म्हणून जे विकलं जातंय, ते घेऊ नका

कोल्हापुरातल्या एअर रायफलवाल्या मुलामुलींच्या पालकांनो, वापरलेल्या सामानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरतोय, तो नीट पाहून ठेवा. हिरव्या रंगाचं ओतीव मशीन, बाजूला लांब दांडा. खाली मजकूर: साधे छर्रे एकसारखे 4.50 मिलिमीटरचे होतील, वर मेणाचं कोटिंगही होईल. या मशीनपायी माझे 22 हजार रुपये गेले. आणि पैसे गेले एवढ्यावर ते थांबलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं आणि माझ्या मुलीनं रायफलचा हट्ट धरला. दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं छर्र्याचं डोकं 4.49 चं की 4.50 चं, यानं फरक पडतो. प्रत्येक रायफलीला वेगळा बॅच मानवतो आणि बाहेरून येणारे मॅचचे छर्रे महाग पडतात. विकणाऱ्याला आपली ही सगळी अडचण तोंडपाठ होती. बोलायचा अगदी रेंजवरच्या माणसासारखा. निम्मे पैसे आधी घेतले, मग पॅकिंगचे, मग कुरियरचे, आणि पार्सल निघाल्याची पावती दाखवून उरलेले.

मशीन आलं. छर्रा आत टाकला की खालून तसाच बाहेर. डायवर, म्हणजे छर्रा ज्या भोकातून दाबला जातो त्या साच्यावर, 358 कोरलेलं होतं. तो म्हणाला, मॉडेल नंबर आहे, छर्र्याची डाय वेगळी घ्यावी लागेल, आणखी सहा हजार पाठवा. मी डाय घेऊन उद्यमनगरात एका ओळखीच्या टर्नरकडे गेले. त्यांनी मापून सांगितलं, “वहिनी, हे भोक नऊ मिलिमीटरच्या वर आहे. तुमचा छर्रा साडेचारचा.” 358 म्हणजे इंचाचे हजारावे भाग होते. ते मशीन छर्र्यांचं नव्हतंच. रिव्हॉल्व्हरच्या ओतीव शिशाच्या गोळ्या नेमक्या मापात दाबायच्या आणि त्याच वेळी त्यांच्या खाचांत वंगण भरायचं, यासाठी परदेशात घरी काडतुसं भरणारे लोक ते वापरतात. बंदुकीच्या दारूच्या जोरावर सुटणारं शिसं नळीला माखू नये म्हणून तिथं ते वंगण लागतं.

आपल्या छर्र्याला मुळात वंगणाच्या खाचाच नसतात. त्याची मागची पोकळ, पातळ कड हवेच्या दाबानं फुलते आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसते. ती कड दाबली की छर्रा वाया गेला. सेकंदाला साधारण 170 मीटर वेगानं जाणाऱ्या छर्र्यावर मेणाचा थर कशाला हवा? बरी डाय मिळाली असती तरीही या मशीननं आपलं काम झालं नसतं.

पैसे परत मागितल्यावर त्याचा सूर बदलला. “पोलिसांत जा, पण गोळ्या बनवायचं मशीन तुमच्या घरात आहे हे आधी सांगा.” त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात शिकणारी मुलगी, तिच्या नावावर काही आलं तर?

माझे दीर वकील आहेत. भावजींनी शस्त्र अधिनियम, 1959 काढून दाखवला. त्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. म्हणजे धमकी पोकळ नव्हती, आणि नेमक्या याच भीतीवर त्याचा धंदा चालतो. फसलेला माणूस मशीन माळ्यावर टाकून गप्प बसतो. भावजी म्हणाले, लपवलं तर अडकशील. आम्ही मशीन, कुरियरचं लेबल, सगळे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, लेखी अर्ज दिला, मशीन जमा केलं आणि पोच घेतली. ज्यांच्या घरी असं मशीन पडून आहे, त्यांनी वकिलाला बरोबर घेऊन हेच करावं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा; जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझी रक्कम अजून आलेली नाही.

रायफलीला कोणते छर्रे चालतात हे बघायचं असेल तर प्रशिक्षकांना सांगून रायफल क्लॅम्पमध्ये लावा, दोन-तीन बॅचचे छर्रे मारा आणि ज्याची भोकं टार्गेटवर सगळ्यात जवळजवळ पडतात तो डबा घ्या. त्याला मशीन लागत नाही.

त्याचा जुना नंबर बंद आहे. तोच फोटो परवा सांगलीच्या एका पालकांना नव्या नावानं आला. डायवरचा आकडा दिसेल असा फोटो मागा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मागितला, आणि तो माणूस उत्तर न देता ग्रुपमधून निघून गेला.